41,600 रुपये गेले, बिघाड निघाला एका वायरीत

घरी सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कोरणारं मशीन) असेल आणि तो मधेच बंद पडून पुन्हा सुरळीत चालत असेल, तर मेकॅनिकला फोन लावण्याआधी हे वाचा. मी 41,600 रुपये घालवून शिकलोय. सांगायला लाज वाटते, पण चवथ जवळ आली की आपल्या गोव्यात मखरं कोरणारे सगळेच घाईत असतात, आणि फसवे मेकॅनिक नेमकी तीच वेळ गाठतात.

माझं मशीन दोन बाय तीन फुटांचं, दीड किलोवॅटचा स्पिंडल (कोरणारं पातं फिरवणारी मोटर). घरामागच्या पडवीत बसवलंय. जूनच्या शेवटी त्रास सुरू झाला. कोरीवकाम चालू असताना एकदम थांबायचं आणि स्क्रीनवर हार्ड लिमिटचा अलार्म, म्हणजे मशीनचा सरकणारा भाग (अक्ष) टोकाच्या स्विचला लागल्याचा इशारा. कुठलाच अक्ष टोकाला गेलेला नसायचा. कधी दोन तास सुरळीत, कधी दहा मिनिटांत तीनदा. एमडीएफचे दोन तक्ते अर्धवट कोरून वाया गेले, 3,400 रुपयांचे. ते वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

ओळखीच्या एका सुताराकडून नंबर मिळाला. माणूस आला तो नीटनेटका, हातात मोठी बॅग. "पात्रांव, वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटीतली निम्मी मशिनं मीच बघतो." पॅनल उघडलं, पाच मिनिटं बघितलं, आणि वाय अक्षाचा ड्राइव्ह (त्या अक्षाची मोटर चालवणारा बोर्ड) गेला म्हणाला. भेटीचे 1,500, नव्या ड्राइव्हचे 4,850. जुना "एक्सचेंजला लागतो" म्हणून घेऊन गेला.

आता मला मूर्ख म्हणणाऱ्यांनी पुढचं ऐका. त्यानंतर मशीन सहा दिवस न थांबता चाललं. सहा दिवस! मग विश्वास कसा बसणार नाही? येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडाची हीच फसवी बाजू आहे. पॅनलमध्ये हात घालून चार वायरी इकडच्या तिकडे केल्या तरी तुटका तुकडा काही दिवस टेकून बसतो, आणि बदललेल्या पार्टमुळेच बरं झालं असं वाटतं. मशीन चालू झालं म्हणून पैसे देऊ नका. "आता बिघाड आणून दाखव, आणि आता घालवून दाखव" म्हणा. ते जमलं तरच पैसे.

सातव्या दिवशी पुन्हा अलार्म. मेकॅनिक पुन्हा आला, आणि जे मी आजही विसरू शकत नाही ते तेव्हा घडलं. मशीन चालू होतं. तो पलीकडे जायला वळला आणि त्याचा कोपर ड्रॅग चेनला (हलत्या वायरी सांभाळणाऱ्या साखळीला) लागला. त्याच क्षणी मशीन थांबलं. माझ्या डोळ्यांदेखत. त्यानं कोपर मागे घेतला, मी रीसेट केलं, मशीन चालू. त्यानं चेनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "कंट्रोलरच गेलाय, म्हणून असं रँडम येतं." मी गप्प राहिलो. त्याच क्षणी "पुन्हा कोपर लाव" एवढे तीन शब्द बोललो असतो, तर हे लिहायची वेळ आली नसती. अलार्म बहुतेक वेळा गँट्री (स्पिंडल घेऊन सरकणारा पूल) उजव्या कोपऱ्यात असताना येतो, हेही मला माहीत होतं. पण माझ्या डोक्यात सात मखरांच्या ऑर्डरी आणि घेतलेली आगाऊ रक्कम फिरत होती.

त्या दिवशी गेले 21,250. भेट 1,500, कंट्रोलर 11,700, एसएमपीएस (पॅनलला वीज पुरवणारा डबा) 3,200, आणि एक्स अक्षाचा ड्राइव्हही "वीक" म्हणून आणखी 4,850. बिल मागितलं तर "जीएसटीचं लावू काय? अठरा टक्के वाढतील." मी नको म्हटलं. ही माझी चूक, कबूल. पुढच्या आठवड्यात फोनवर म्हणाला, व्हीएफडीच (स्पिंडलचा वेग ठरवणारं यंत्र) नॉइज मारतोय, म्हणजे विजेचा अडथळा सोडतोय, नवा मागवतो, 14,000 आधी पाठवा. पाठवले. तेव्हापासून फोन उचलत नाही.

शेवटी मशीन बंद करून मी स्वतः बसलो. मल्टिमीटर बीपवर ठेवला, लिमिट स्विचच्या वायरीची दोन्ही टोकं पकडली आणि मुलाला गँट्री हातानं हळूहळू ढकलायला सांगितलं. बीप सलग येत होता. उजव्या कोपऱ्यापाशी चेन वळली, आणि बीप तुटला. मागे ढकललं, पुन्हा आला. दहा वेळा केलं, दहाही वेळा तसंच. वरचं आवरण धड, आतली तार तुटलेली. माझे स्विच नॉर्मली क्लोज्ड जोडणीचे आहेत, म्हणजे वायर तुटली की मशीनला वाटतं स्विच दाबला गेला. जोडणी तीच ठेवा, सुरक्षित तीच. पण मग संशय पहिला वायरीवर घ्यायचा, बोर्डावर नव्हे.

म्हापशाहून चेनमध्ये चालणारी लवचिक शील्डेड (आत धातूचं वेष्टण असलेली) केबल आणली, सात मीटर, 1,120 रुपये. साधी घरगुती वायर चेनमध्ये घालू नका, आणि चेनच्या आत डाग देऊन जोड तर मुळीच नको, तो वाकून वाकून तुटतोच. स्पिंडल सुरू होताना एखादा खोटा अलार्म अजून यायचा. स्पिंडलच्या केबलचं शील्ड अर्थिंगला जोडलेलंच नव्हतं, आणि स्विचची वायर तिला चिकटून जात होती. शील्ड अर्थ केलं, वायर वेगळी काढली, अलार्म बंद. व्हीएफडीला हात लावणार असाल तर मेन बंद करून किमान दहा मिनिटं थांबा, आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर चार्ज उरलेला असतो. आणि वीज चालू असताना स्टेपर मोटरची (अक्ष सरकवणाऱ्या मोटरची) वायर ड्राइव्हमधून काढू नका, ड्राइव्ह जळतो.

मग त्याचे "नवे" पार्ट काढून बघितले. कंट्रोलरच्या टर्मिनलांवर स्क्रूड्रायव्हरचे चरे, खाचांत लाकडाचा भुसा. एक्स अक्षाचा ड्राइव्ह उलटा केला आणि मागे माझ्याच अक्षरात मार्करनं लिहिलेलं "वाय". हीटसिंकच्या फटींत लाल कुंकू, गेल्या दसऱ्याला हिनं पॅनल उघडून प्रत्येक ड्राइव्हला लावलेलं. माझाच ड्राइव्ह मेला म्हणून नेला आणि तोच मला 4,850 ला विकला. आणि तो व्यवस्थित चालत होता!

पोलिसांत गेलो. "तुम्हीच बोलावलंत, तुम्हीच पैसे दिलेत, यात गुन्हा कसला? दिवाणी बाब आहे." कुंकू दाखवलं तर हवालदार मान वळवून दुसऱ्याशी बोलू लागला. अर्जावर पोचसुद्धा दिली नाही, तीन फेऱ्या मारल्या तरी. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकला. एका सरकारी कार्यालयात आधी साहेब नव्हते, मग फॉर्म चुकीचा, मग "मशीन धंद्याचं आहे, तुम्ही ग्राहक होत नाही." ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे, हे मला घरी बसून शोधावं लागलं आणि त्यांना वाचून दाखवावं लागलं. तेव्हा नवं निघालं, "समोरच्याचा पत्ता आणा." माझ्याकडे फक्त नंबर. पत्ता शोधायचा पोलिसांनी, आणि पोलीस म्हणतात त्या कार्यालयात जा. माणसानं काम सोडून किती दिवस असं फिरायचं? फसवणाऱ्यानं दोन भेटी आणि एका फोनमध्ये पैसे नेले, आणि मी पाच आठवडे नुसते शिक्के गोळा करतोय!

म्हणून पहिल्या भेटीतच आधार कार्डाचा किंवा दुकानाच्या पाटीचा फोटो घ्या. जुना पार्ट हातचा सोडू नका, नव्याच्या सीरियल नंबरचा फोटो काढा. अठरा टक्के वाढले तरी बिल घ्या. फसलात तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही, वकील लागत नाही, मुदत 2 वर्षं.

माझा अर्ज तयार आहे, पत्त्याचा रकाना सोडून. तो ड्राइव्ह मी पुसलेला नाही. कुंकवासकट पिशवीत बांधून कपाटात ठेवलाय, सुनावणीला तसाच नेणार. हाच प्रकार तुमच्या घरी झाला असेल आणि त्या माणसाचा पत्ता तुमच्याकडे असेल, तर मला कळवा.