ग्रामर चेकर आठ महिने वापरला, गटचं गेट झालं त्याची गोष्ट

मी कराडला राहते, काम भाषांतराचं, म्हणजे खरेदीखत, बक्षीसपत्र, सातबारा, फेरफार, मृत्युपत्र असली मराठी कागदपत्रं इंग्रजीत करून वकिलांना द्यायची. इंग्रजी बरं आहे माझं, पण दिवसाची वीस पानं झाली की डोळ्यांना काही दिसत नाही, 'द द' असं दोनदा टाईप झालेलं सुद्धा नाही. म्हणून ग्रामर चेकर घ्यायचं ठरवलं.

पहिले तीन महिने एक पैसे भरून घ्यायचं ॲड-इन वापरलं, वर्डला जोडलेलं. नाव सांगत नाही. उजवीकडे पट्टी उघडते आणि त्यात सूचनांचा पाऊस. आता खरेदीखताचं इंग्रजी कसं असतं ते ज्यांनी वाचलंय त्यांना माहितीये, एक वाक्य सव्वा पानाचं, आणि 'सदर मिळकत' आलं की 'द सेड प्रॉपर्टी' लिहावंच लागतं, तर हे प्रत्येक 'सेड' काढून टाका म्हणणार. वाक्य तोडा म्हणणार. एकदा तर लिहून देणाराच्या कबुलीजबाबाला म्हणालं जरा आत्मविश्वासाने लिहा! अहो, बिचारा जमीन विकतोय.

सगळ्यात मजा क्षेत्रफळाची. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं ना, शंभर आर म्हणजे एक हेक्टर, आणि या आरचं इंग्रजी स्पेलिंग ए-आर-ई. म्हणजे 'झिरो हेक्टर फॉर्टी आर' लिहिलं की त्याला ते 'आहेत'वालं आर वाटायचं आणि वाक्यात हे जादा क्रियापद कुठून आलं म्हणून निळी रेघ. पानात जितके गट तितक्या रेघा.

आणि मग ते गेट प्रकरण. मौजेला माऊस सुचवायचं, तालुक्याचं 'ताल' लिहिलं की टॉल म्हणजे उंच, आणि गटला गेट. एरवी मी हसून पुढे जायचे, पण एका रात्री साडेअकराला घाईत पटापट ॲक्सेप्ट ॲक्सेप्ट करत गेले. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांचा फोन, "मॅडम, जमिनीला गेट नंबर कधीपासून पडायला लागले?" चूक माझीच, बटण मीच दाबलं, पण त्या दिवसापासून सगळं एकदम स्वीकारायचं बंद केलं.

ते सोडायचं खरं कारण मात्र वेगळं. या ऑनलाईन चेकरांमध्ये तुम्ही लिहिलेला मजकूर त्यांच्या सर्व्हरवर जातो, तिथे तपासला जातो आणि सूचना परत येतात. माझ्या कागदात लोकांचे आधार नंबर, पॅन नंबर, भावाभावांच्या वाटण्या. हे माझ्या डोक्यात तीन महिने आलंच नाही, एका क्लायंटने विचारलं तेव्हा आलं. लाज वाटली.

मग लॅंग्वेजटूल नावाच्या चेकरकडे आले, लिबरऑफिस रायटरसोबत, म्हणजे वर्डसारखाच पण फुकटचा प्रोग्राम. पाच महिने झाले. लॅंग्वेजटूल ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, डॅनिएल नाबर नावाच्या जर्मन माणसाने २००३ मध्ये कॉलेजचा प्रबंध म्हणून सुरू केलेलं, आधी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत होतं नंतर जावा या भाषेत गेलं. मुख्य म्हणजे याचा सर्व्हर आपल्याच कॉम्प्युटरवर चालवता येतो, मजकूर घराबाहेर जातच नाही आणि नेट गेलं तरी काम चालू. लिबरऑफिसच्या ७.४ पासून (२०२२) सेटिंगमध्येच सर्व्हरचा पत्ता द्यायची सोय आहे, तिथे स्वतःच्या मशीनचा पत्ता टाकायचा. जावा आधी टाकावं लागतं. मला एक अख्खा रविवार लागला, भाच्याला दोनदा फोन केला, पण झालं. आणि हो, पत्ता टाकताना आपलाच टाकलाय ना ते बघा, कंपनीच्या सर्व्हरचा टाकला तर परत पहिले पाढे पंचावन्न.

याचं काम कसं चालतं ते कळल्यावर अपेक्षा जाग्यावर आल्या. बरेचसे नियम म्हणजे साचे असतात, हा शब्द, त्याच्या शेजारी असा शब्द, तर चूक. त्यामुळे जवळजवळच्या चुका अगदी छान धरतं: दोनदा आलेला शब्द, 'अवर'च्या आधी 'ॲन' हवं आणि 'युनिव्हर्सिटी'च्या आधी 'अ', सुटलेला कंस. पण 'द व्हेंडर्स' पहिल्या ओळीत, मग मयत वडिलांपासून सगळे वारस, आणि चार ओळींनी 'हॅज ॲग्रीड' आलं तर साच्याच्या भरवशावर बसू नका. ही चूक आपण मराठी माणसं हमखास करतो, क्रियापद शेवटी यायची सवय ना, तिथपर्यंत कर्ता एक होता का पाच हे विसरलेलं असतं. तीच गोष्ट 'द'ची. मराठीत आर्टिकलच नाही, त्यामुळे कुठे गाळला हे आपल्याला खटकत नाही, आणि चेकरला तरी कसं कळणार की हीच ती आधी सांगितलेली जमीन.

'तिथे'वालं देअर आणि 'त्यांचं'वालं देअर असल्या सारख्या उच्चाराच्या शब्दांसाठी वेगळा डेटा उतरवता येतो, पण इंग्रजीचा तो आठेक जीबीचा आहे आणि एसएसडी म्हणजे वेगवान डिस्क नसेल तर मशीन रडतं. मी एकदा टाकला, माझ्या कामात असले शब्द फार येत नाहीत, काढून टाकला.

भारतीय इंग्रजी असा प्रकार यात नाही, ब्रिटिश घ्यायचं. आणि पहिल्याच आठवड्यात एक काम करा, आपले शब्द डिक्शनरीत भरा. मी तलाठी, मौजे, फेरफार, गुंठा, गट आणि तालुक्यातली गावांची नावं मिळून तीनशेच्या आसपास शब्द भरलेत. दोन दिवस गेले पण लाल रेघांचं रान साफ झालं, आता रेघ दिसली की खरंच थांबून बघते. जास्त कडक तपासणीचा पिकी मोड असतो तो बंदच ठेवा, कायद्याच्या भाषेला तो सोसत नाही.

मराठीसाठी म्हणाल तर यात काही नाही. तमिळ आहे, मराठी नाही. लिबरऑफिसला मराठी स्पेलिंगची डिक्शनरी जोडता येते, मूळ मराठी उतारा खाली ठेवते तेव्हा ती उपयोगी पडते, पण देवनागरीची भाषा वेगळ्या खान्यात सेट करावी लागते, कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआऊट म्हणून, ते नाही केलं तर काही होत नाही आणि आपण डिक्शनरीला शिव्या देत बसतो. मी बसले होते.

शेवटचं वाचन अजून कागदावरच, प्रिंट काढून, पट्टी ठेवून. आकडे, गट नंबर आणि चतुःसीमा मूळ कागदाशी आईला मोठ्याने वाचायला सांगून जुळवते, पूर्व-पश्चिम उलटली तर जगातला कुठलाही चेकर रेघ ओढणार नाही. नवीन व्हर्जन आलंय म्हणतात, पण चालू आहे त्याला हात लावायचा धीर होत नाहीये, एका मोठ्या वाटणीपत्राचं काम आहे ते गेलं की बघेन.