पीटीएसडीचं ऑनलाइन ट्रेनिंग: पैसे कुठे वसूल झाले आणि कुठे बुडाले

गेल्या आठवड्यात पीटीएसडीच्या (जबर आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकाराच्या) उपचारांच्या ऑनलाइन कोर्सचं पोर्टल उघडलं तर समोर पाटी: तुमची मुदत संपली. दुसऱ्या दिवशी एका क्लायंटचं सेशन होतं आणि इमॅजिनल एक्स्पोजरनंतरच्या (म्हणजे घटना मनात पुन्हा जगून सांगितल्यानंतरच्या) प्रोसेसिंगचा, चर्चेचा, एक व्हिडिओ मला परत बघायचा होता. सपोर्टला मेल टाकली. उत्तर आलं की मुदतवाढ मिळेल, पैसे पुन्हा भरा, तेही डॉलरमध्ये. व्हिडिओ डाउनलोड होत नाहीत हे विकताना कुठेही ठळक लिहिलेलं नव्हतं. कोर्सचं नाव देत नाही. पण या धाटणीचं काही विकत घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा.

आत काय काय असतं ते इथल्या मंडळींना ठाऊक आहे. आधी असेसमेंट, मग मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांची प्रोलाँग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरं जायची थेरपी), थोडी सीपीटी (घटनेबद्दलचे अडकलेले विचार तपासणारी थेरपी), शेवटी औषधं. औषधांचा भाग छोटा पण बरा. बेन्झोडायझेपिन (क्लोनाझेपामसारखी शांत करणारी औषधं) टाळा, हे आडपडदा न ठेवता सांगितलंय. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी लोकांच्या पिशवीत क्लोनाझेपामची पट्टी असते, त्यामुळे एवढं ऐकूनही बरं वाटलं.

असेसमेंटवर सुरुवातीला मी भयंकर वैतागले होते. कॅप्स-५ म्हणजे पीटीएसडीचं निदान करायची ३० प्रश्नांची मुलाखत, पाऊण ते एक तास. आपल्याकडे बाहेर बाकावर माणसं ताटकळत असताना एवढा वेळ आणायचा कुठून? पीसीएल-५ या लक्षणांच्या प्रश्नावलीचे २० प्रश्न क्लायंटकडून भरून घ्यायचे, ८० पैकी बेरीज ३१ ते ३३ च्या पुढे गेली की कामाला लागायचं, हीच आपली पद्धत. पहिल्या महिन्यात कोणी विचारलं असतं तर हा भाग पळवत बघा म्हणाले असते. आता उलट सांगेन. पैसे वसूल झाले ते इथेच.

दोन केसेस सांगते, तपशील बदलून. एक बाई पीसीएलवर पन्नाशीच्या पुढे. झोप नाही, चिडचिड, कशात मन लागत नाही. कॅप्समध्ये अशा प्रत्येक तक्रारीला विचारावं लागतं की हे त्या घटनेनंतर सुरू झालं का, आधीचं असेल तर नंतर वाढलं का. मग त्या तक्रारीचा घटनेशी संबंध निश्चित, संभाव्य की असंभाव्य, ते नोंदवायचं. विचारत गेले तर 'घटना' अशी सापडेचना. सासरची वर्षानुवर्षांची भांडणं होती, पण पीटीएसडीच्या निदानाला लागतं तसं जिवावर बेतलेलं, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार असं काही नव्हतं. ते डिप्रेशन होतं आणि उपचारही त्याचेच झाले. दुसरा ट्रकचालक, घाटातल्या अपघातातून वाचलेला. पीसीएल विशीत. 'आता काय त्रास नाही मॅडम.' त्रास कुठून असणार? घाटाच्या भाड्याला नकार, अपघाताच्या बातम्या बंद, क्लीनरचं नाव निघालं की उठून बाहेर. टाळणं इतकं जमून गेलं होतं की बाकीची लक्षणं वर येतच नव्हती. नुसत्या बेरजेवर विसंबलं असतं तर हा माणूस तसाच घरी गेला असता.

उपचाराच्या मॉड्यूलबद्दल मात्र तेवढं कौतुक नाही. प्रोलाँग्ड एक्स्पोजर म्हणजे साधारण ८ ते १५ सेशन, ९० मिनिटांची. डोळे मिटून, वर्तमानकाळात, घटना पुन्हा पुन्हा सांगायची, अधूनमधून ० ते १०० मध्ये त्रास किती ते विचारायचं. त्याचं रेकॉर्डिंग क्लायंटने घरी रोज ऐकायचं. व्हिडिओतली बाई आपल्या स्वतंत्र खोलीत, आरामखुर्चीत बसून ऐकते. माझ्या ट्रकचालकाचं घर दोन खोल्यांचं, त्यात आई, बायको, दोन मुलं. 'जुनं उकरू नको, विसर आता,' हा घरच्यांचा रोजचा जप. शेवटी तो बंद उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये, चावी बायकोकडे ठेवून, हेडफोन लावून ऐकायला लागला. गंमत म्हणजे केबिनमध्ये नुसतं बसणं हे त्याच्या इन विवो यादीत (टाळलेल्या गोष्टींना प्रत्यक्ष सामोरं जायच्या यादीत) बरंच वर होतं. दोन्ही गृहपाठ एकदम झाले. कोर्समध्ये यावर अवाक्षर नाही.

आता मूळ दुखणं: कन्सल्टेशन, म्हणजे आपल्या केसेस अनुभवी मार्गदर्शकासमोर मांडून सल्ला घेणं. जाहिरातीत 'केस कन्सल्टेशनसह' असं छापलंय, पण निघाली वेगळी फी. तीही भरली. त्यावर बँकेचं परकीय चलनाचं मार्कअप, त्या मार्कअपवर जीएसटी. कॉल न्यूयॉर्कच्या दुपारी १२ ला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊला. ठीक आहे, जेवणं आवरून बसायचं. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे गेली आणि कॉल आपल्या साडेदहावर गेला. कुणी कळवलं? नाही. साडेनऊला लॉगिन करून रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसले, मग कंटाळून बंद केलं. दुसऱ्या दिवशी गैरहजेरी, आणि सर्टिफिकेटला सगळी हजेरी हवी. तक्रार केली तर उत्तर मिळालं की वेळापत्रक ईस्टर्न टाइममध्ये आहे, जुळवून घेणं सहभागींचं काम. भरपाईचा कॉल मिळेल, त्याचे पैसे वेगळे! चार मेल झाल्या, आवाज चढवला, तेव्हा कुठे फुकट दिला. आणि एवढ्या यातायातीनंतर त्या सर्टिफिकेटवर आरसीआयचे (भारतीय पुनर्वास परिषदेचे) सीआरई पॉइंट, म्हणजे नोंदणी टिकवायला लागणारे शिक्षणगुण, शून्य.

एवढी चिडते कारण कन्सल्टेशन हीच खरी शिकवण आहे. गटातल्या एका सहकाऱ्याचं सेशन ऐकून मार्गदर्शक म्हणाल्या, 'थांबायची घाई तुम्हाला आहे, क्लायंटला नाही.' हे कुठल्या व्हिडिओत कळणार? अमेरिकेच्या व्हेटरन्स खात्याने आपल्या थेरपिस्टना ही तंत्रं शिकवली तेव्हा कार्यशाळेला जोडूनच पुढचे काही महिने कन्सल्टेशन ठेवलं होतं. काँगोत लैंगिक हिंसाचार सोसलेल्या स्त्रियांवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गटातली सीपीटी दिली ती फारसं औपचारिक प्रशिक्षण नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी, आणि निकाल चांगले आले. त्यांच्या पाठीशी सतत देखरेख होती. तीच गोष्ट हे लोक वरच्या टॉपिंगसारखी विकतात.

माझी सेशन मराठीत, त्यामुळे मार्गदर्शकांना रेकॉर्डिंग पाठवण्याआधी पूर्ण उतरवून भाषांतर करत बसावं लागलं. त्या तासांचा हिशेब मी ठेवलेला नाही, ठेवला तर आणखी चिडेन.

मुदतवाढ घेत नाहीये. पीसीएल-५ आणि प्राथमिक चाळणीचं पाच प्रश्नांचं पीसी-पीटीएसडी-५ अमेरिकेच्या नॅशनल सेंटर फॉर पीटीएसडीच्या साइटवर फुकट आहेत, कॅप्स-५ मागणी केल्यावर मिळतं. आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) वाल्यांसाठी आयटीक्यू ही प्रश्नावली आहे, तेही फुकट. घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याला आधी लेखी विचारा: कन्सल्टेशन फीत धरलंय का, मराठी सेशन कोण ऐकणार, व्हिडिओ किती दिवस दिसणार. आम्ही इथल्या चौघीजणी पुढच्या महिन्यापासून दर शनिवारी दुपारी एकमेकींची रेकॉर्डिंग ऐकणार आहोत, क्लायंटची लेखी संमती घेऊन. कॅप्स नीट करणारी पाचवी कोणी नाशिकात असेल तर खाली कळवा.