कुत्र्याला लगेच 'चालेल' म्हणणारा बंगला

ठाणे-नवी मुंबईतून कुत्रा घेऊन अलिबाग-नागावला जायचं म्हटलं की फोनवर फोन करावे लागतात आणि बहुतेक ठिकाणी 'कुत्रा नको' एवढंच ऐकू येतं. त्यात १५ ऑगस्टला जोडून शनिवार-रविवार आला की उरलेसुरले बंगलेही भरतात. खोट्या बंगल्यांचं बुकिंग घेणाऱ्या ठगांचा धंदा चालतो तो याच टंचाईवर. दहा नकार पचवल्यावर कुणी 'अहो दादा, डॉगी म्हणजे घरातलाच की, बिनधास्त आणा' म्हटलं की माणूस विरघळतो, भावात घासाघीससुद्धा करत नाही.

खरा मालक असा विरघळत नाही. जात कोणती, वजन किती, रेबीजची लस झाली का, गोचीड आहेत का, सोफ्यावर चढतो का, पूलमध्ये उतरतो का, सगळं विचारतो. केसांनी पूलचा फिल्टर तुंबतो, गादीला वास राहतो आणि पुढच्या पाहुण्यांची बोलणी त्यालाच खावी लागतात. ठगाचा प्रश्न एकच: ॲडव्हान्स कधी टाकताय?

पैसे तो हप्त्याहप्त्याने काढतो. समजा दोन रात्रींचे १८,००० ठरले. आधी निम्मे, ९,०००. तासाभराने 'पेट डिपॉझिट ५,०००, निघताना परत'. असं डिपॉझिट खरे बंगलेवालेही घेतात, म्हणून खटकत नाही. मग 'पूर्ण पेमेंट आल्याशिवाय सिस्टिम बुकिंग कन्फर्म करत नाही'. इथे कुणी चिडून बुकिंग रद्द केलं, तर रिफंडचा क्यूआर कोड येतो: स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे जाताना, येताना कधीच नाही. बरेचजण दुसऱ्यांदा फसतात ते इथे.

फोटो नीट मोठे करून बघा. अलिबाग, किहीमची वाळू काळपट. पांढरी वाळू बघायची तर काशिदला जावं लागतं. 'किहीम बीचला लागून' असं लिहून खाली पांढरीशुभ्र वाळू आणि निळंशार पाणी असेल तर फोटो दुसरीकडचा. भिंतीवरचे स्विचबोर्ड बघा, आपले तीन भोकांचे सॉकेट नसतील तर ती खोली परदेशातली आहे. गुगल लेन्सवर टाकलं की तोच पूल आणखी चार नावांनी सापडतो.

फोटो खरे निघाले तरी ते दुसऱ्याच्या बंगल्याचे असू शकतात. म्हणून दिवसाउजेडी व्हिडिओ कॉल लावून फाटकापासून आत चालत जायला सांगा. फाटकाखालची फट आणि कंपाउंडची मागची बाजू दाखवायला लावा. बीगल जातीचा कुत्रा वितभर फटीतूनही निसटतो, तेव्हा हे तसंही बघायचंच असतं. 'आत गेस्ट आहेत' हे ठरलेलं उत्तर. मग निदान फाटक तरी दाखव म्हणावं. त्याच गावातल्या एखाद्या खानावळीला फोन करून बंगल्याचं नाव विचारलं तर दोन मिनिटांत उलगडा होतो. पैसे टाकण्याआधी ॲपवर खातेदाराचं नाव दिसतं. ते मालकाचं नसेल आणि 'मॅनेजरचं खातं आहे' असं उत्तर आलं, तर तिथेच थांबा.

पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, लगेच. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात दिसतो तो), रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. रक्कम समोरच्या खात्यात पडून असेपर्यंतच ती गोठवता येते, आणि हे लोक ती झपाट्याने पुढे सरकवतात. पाठोपाठ सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही कळवा. पिन स्वतः टाकलेला असल्याने बँक भरपाई देईल या भरवशावर राहू नका. तक्रारीसाठी अलिबाग गाठायची गरज नाही, ठाण्यात किंवा वाशीत राहत असाल तर जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते. ठगाला शिव्या घालायच्या आधी चॅटचे स्क्रीनशॉट काढा. सुगावा लागला की तो पाठवलेले मेसेज दोन्हीकडून पुसून टाकतो, आणि तक्रारीला जोडायला हातात काही उरत नाही.