घरासाठी रायफल: लिव्हर-ॲक्शन की सेमी-ऑटोमॅटिक? चौदा महिन्यांचा अनुभव

आम्ही टेक्सासमध्ये, ऑस्टिनपासून तासाभराच्या अंतरावर सहा एकरांच्या जागेत राहतो. नवरा तेलाच्या क्षेत्रात आहे. दोन आठवडे मिडलंडला, दोन आठवडे घरी. तो नसतो तेव्हा घरात मी, नऊ वर्षांचा मुलगा आणि कुत्रा. शेजाऱ्याचं घर हाकेच्या अंतरावर नाही. ९११ ला (तातडीच्या मदतीचा नंबर) फोन केला तरी शेरीफची गाडी यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, कारण रस्ताच तेवढा आहे. घरात रायफल हवी यावर आमचं एकमत होतं. कोणती हवी, दर गोळीनंतर हाताने लिव्हर ओढून भरायची लिव्हर-ॲक्शन की आपोआप भरणारी सेमी-ऑटोमॅटिक, यावर मात्र माझं मत मधल्या काळात बदललं.

नव्याने आलेल्यांनी आधी कायदा पाहावा. एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असताना केंद्रीय कायद्यानुसार बंदूक विकत घेता येत नाही आणि जवळ बाळगताही येत नाही. एखाद्या राज्याचं शिकारीचं वैध लायसन्स असणं, असे थोडेच अपवाद आहेत. ग्रीन कार्डवर घेता येते. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात एलियन नंबर (ग्रीन कार्डवरचा क्रमांक) लिहायचा असतो, आणि दुकानदार तिथूनच नोंदी तपासून घेतो. आम्ही ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबलो.

पहिली घेतली ती लिव्हर-ॲक्शन, .३५७ मॅग्नम या काडतुसाची, ८५० डॉलरला. खरं सांगायचं तर मन तिच्यावर आधीच बसलं होतं. मी संगमेश्वरकडची. आमच्या मोठ्या काकांकडे शेतीच्या संरक्षणासाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. वानर आणि रानडुकरं भातात, केळीत शिरायची, म्हणून. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि नंतर परत आणायची, हे मी लहानपणी दर वेळी पाहिलेलं. बंदूक म्हणजे लाकडी दस्ता, तेलाचा वास आणि काकांचं ते सावकाश, निगुतीने पुसणं, एवढंच मनात होतं. दुकानात लिव्हर हातात घेतली तेव्हा तीच ओळख पटली. काळी प्लास्टिकची सेमी-ऑटोमॅटिक मला परकी वाटली होती.

आणि लिव्हर चांगलीच आहे. ट्रिगरभोवतालचं कडं (हीच लिव्हर) खाली ओढायचं की रिकामं काडतूस बाहेर उडतं, वर आणलं की नवीन आत जातं. ही रचना १८६० च्या हेन्री रायफलपासून चालत आलेली आहे. पुढे विंचेस्टरच्या १८७३ आणि १८९४ च्या रायफलींनी ती घराघरांत नेली. वजन पावणेतीन किलोच्या आसपास, अंगाने सडपातळ, गाडीत किंवा दाराआड कुठेही अडत नाही. .३५७ च्या रायफलीत .३८ स्पेशलची काडतुसंही चालतात. ती वापरली तर धक्का इतका कमी की खांद्याला जाणवतच नाही. पहिले तीन महिने मी नेमबाजीच्या रेंजवर जवळजवळ फक्त .३८ च वापरली आणि नेम त्यावरच बसला.

त्रास हळूहळू कळत गेले. .३८ चं काडतूस आखूड असल्यामुळे माझ्या रायफलीत ते अधूनमधून तिरकं होऊन अडकायचं; .३५७ ने तसं एकदाही झालं नाही. दुसरं, लिव्हर पूर्ण ताकदीने, शेवटपर्यंत खाली-वर करावी लागते. शांतपणे उभं राहून नेम धरताना हे सोपं असतं. बंदुकीच्या क्लासमध्ये मास्तरांनी टायमर लावला, दिवे मंद केले आणि मला खोलीच्या दारापर्यंत पळायला लावलं, तेव्हा दहापैकी दोन वेळा माझा हात अर्ध्यावरच परत फिरला आणि काडतूस अडकलं. गुडघ्यावर बसून किंवा पलंगाआड वाकून लिव्हर ओढणं तर आणखी अवघड. कोपर जमिनीला लागतं.

तिसरा मुद्दा मला सगळ्यांत गंभीर वाटतो, तो रिकामी करण्याचा. माझ्या रायफलीत काडतुसं नळीखालच्या ट्यूबमध्ये एकामागे एक असतात, बाजूच्या झडपेतून भरायची. काढायची असली तर प्रत्येक काडतूस लिव्हरने चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी सुटते त्या जागी, आणून बाहेर टाकावं लागतं. आठ काडतुसं म्हणजे जिवंत काडतूस आठ वेळा चेंबरमध्ये. चेंबर भरलेलं असताना मागचा घोडा (हॅमर) हलकेच खाली आणायचा असेल तर अंगठ्याने तो धरून ट्रिगर दाबावा लागतो. घामेजलेल्या अंगठ्याने हे करताना मला दर वेळी भीती वाटली आहे. (आतली ट्यूब पुढून उपसून काढता येते अशाही लिव्हर मिळतात. काडतुसं तिथूनच ओतून घेता येतात. लिव्हरच घ्यायची असेल तर ती घ्या.)

पण मत बदललं ते ऑक्टोबरमधल्या एका रात्रीमुळे.

सासूबाई रत्नागिरीहून येऊन चारच दिवस झाले होते. नवरा मिडलंडला. पहाटे साडेतीनला मागच्या दाराचा आवाज झाला आणि कुत्रा उठला. मी सेफ उघडून लिव्हर काढली, मुलाच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिले. टॉर्च पलंगाजवळच राहिली, कारण लिव्हर चालवायची तर दोन्ही हात तिलाच लागतात. अंधारात मागच्या दारापाशी कुणीतरी हलत होतं. मी इंग्रजीत ओरडले, कोण आहे म्हणून. उत्तर नाही. दुसऱ्यांदा ओरडले, तरी नाही. तिसऱ्यांदा तोंडून मराठी आलं, "कोण आहे तिकडे?"

"अगं, मी गं! तुळशीला पाणी घालावं म्हटलं. झोपच येत नाही."

भारतात तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. त्यांचं शरीर अजून तिथल्याच घड्याळावर होतं. कुत्रा भुंकला नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. रायफलीचं तोंड जमिनीकडे होतं, चेंबर रिकामं होतं, मी तसा नियमच पाळते. तरीही रायफल सेफमध्ये ठेवून आले आणि न्हाणीघरात जाऊन रडले. त्या रात्री मला रायफलीपेक्षा टॉर्चची जास्त गरज होती, आणि टॉर्चसाठी माझ्याकडे हात उरला नव्हता.

पुढच्या महिन्यात सेमी-ऑटोमॅटिक घेतली. एआर-१५ धाटणीची, ५.५६ मिमी काडतुसाची, १६ इंची नळी, ६४० डॉलर. १६ इंचांहून आखूड नळीच्या रायफलीला १९३४ च्या कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते, म्हणून दुकानात बहुतेक १६ इंचीच दिसतात. एआर मधली अक्षरं आर्मालाइट या कंपनीवरून आली आहेत. युजीन स्टोनर यांनी १९५० च्या दशकात तिथे ही रचना केली. गोळी सुटल्यावरचा वायू नळीतून मागे येतो आणि पुढचं काडतूस आपोआप भरतो. ट्रिगर दर गोळीला नव्यानेच दाबावा लागतो, पण भरण्यासाठी हात हलवावा लागत नाही.

म्हणजे डावा हात मोकळा. आता माझ्या डाव्या हातात टॉर्च असते आणि उजव्या हातात पिस्तूल-ग्रिप, नळी जमिनीकडे. रायफलीवर बसवायचे दिवेही मिळतात आणि मी एक बसवलाही आहे. पण ज्याच्यावर तो दिवा टाकाल त्याच्यावर नळीही रोखलेली असते. कोण आहे हे बघायला मी तो कधीच वापरणार नाही. त्यासाठी हातातली टॉर्चच.

दुसरा फायदा मला अपेक्षित नव्हता. माझी उंची पाच फूट एक इंच, नवऱ्याची पाच-अकरा. लिव्हरचा लाकडी दस्ता मला लांब पडायचा, मान ताणावी लागायची. हिचा दस्ता बटण दाबून आतबाहेर सरकतो. रिकामी करणं तर कितीतरी सोपं: मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढायची, बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता भाग) मागे ओढायचा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं. संपलं. नऊ महिन्यांत सातशेच्या वर गोळ्या झाडल्या. दोनदा अडकली आणि दोन्ही वेळा एकच स्वस्त मॅगझिन होती. ती टाकून दिली.

तोटेही सांगते. आवाज भयंकर आहे, १६० डेसिबलच्या आसपास, आणि बंद खोलीत तो कानांचं कायमचं नुकसान करू शकतो. म्हणून सेफमध्ये रायफलीसोबत इलेक्ट्रॉनिक कानझाकण्या ठेवल्या आहेत. सेफ्टी, बोल्ट, मॅगझिनचं बटण असे भाग जास्त, त्यामुळे शिकायला लिव्हरपेक्षा जास्त दिवस लागले. भरलेली मॅगझिन आणि दिवा धरून वजनही लिव्हरहून बरंच जास्त होतं.

भिंतींबद्दल फार गैरसमज आहेत. इथली घरं ड्रायवॉलची, म्हणजे जिप्समच्या पातळ पाट्यांची. आम्ही एका मित्राच्या शेतात अशा सहा पाट्या, म्हणजे तीन खोल्यांच्या भिंती, ओळीने उभ्या केल्या. .३५७ सहाही पाट्यांतून सरळ गेली. ५.५६ ची हलकी गोळी दुसऱ्या भिंतीनंतर आडवी झाली, तिचे तुकडे पडले, पण तेही शेवटच्या पाटीपलीकडे गेलेच. त्या दिवशी आम्ही रायफल विसरून घराचा नकाशा काढला. मुलाची खोली पाठीशी राहील आणि नळीच्या दिशेने फक्त दगडी चुलाणाची भिंत येईल, अशी जागा ठरवली. घरात शोधत फिरायचं नाही. मुलाला घेऊन तिथे बसायचं, ९११ ला फोन चालू ठेवायचा, ओरडून विचारायचं. आधी मराठीत.

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना माझा अनुभव जसाच्या तसा लागू होणार नाही. तिथे, तसंच न्यूयॉर्क, मेरीलँड, २०२३ पासून इलिनॉय आणि वॉशिंग्टन राज्यात एआर धाटणीच्या रायफलींवर कडक बंधनं आहेत. तिथे लिव्हर हा चांगला पर्याय आहे, फक्त अर्ध्यावर हात फिरणार नाही इतका सराव हवा. अपार्टमेंटमध्ये राहत असाल, तर भिंतीपलीकडे दुसऱ्यांची मुलं झोपलेली असतात. मी तिथे कोणतीच रायफल ठेवली नसती.

सेफबाबत तडजोड करू नका. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. घरात कुणाचं मन ठीक नसेल, तर रायफल काही काळ घराबाहेर ठेवलेली बरी. टेक्सासात सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे. आमची सेफ बटणांच्या आकड्यांवर उघडते आणि आकडा दर तीन महिन्यांनी बदलतो.

लिव्हर विकलेली नाही. मागच्या शेतात रानडुकरं येतात, इथेही. स्वतःच्या जमिनीवर त्यांच्यासाठी लायसन्स लागत नाही, आणि जवळच्या अंतरावर .३५७ पुरते. रविवारी ती पुसायला बसते तेव्हा काकांसारखंच, आधी नळी, मग दस्ता.

सासूबाई या डिसेंबरमध्ये पुन्हा येत आहेत. मागच्या दाराला मी पितळी घुंगरं बांधली आहेत, आणि तुळस आत खिडकीशी आणून ठेवली आहे.