अंगण न पाहता दर सांगताना: नकाशा की व्हिडिओ?

लातूरहून उदगीर, निलंगा किंवा अंबाजोगाईचे काम घ्यायचे म्हटले, तर केवळ अंगण पाहून येण्यातच अर्धा दिवस आणि गाडीचे पेट्रोल जाते. एवढे करूनही काम मिळेलच असे नाही. म्हणून प्रेशर वॉशरने अंगणे आणि पोर्च धुऊन देणारा माणूस आज ना उद्या जागेवर न जाता दर सांगू लागतोच. मी त्यासाठी दोन रीती वापरल्या आहेत. पहिली, उपग्रहाच्या नकाशावर घर शोधून क्षेत्रफळ मोजण्याची. दुसरी, ग्राहकाकडून व्हिडिओ मागवून त्यावरून हिशेब बांधण्याची. नुसत्या फोटोंवर दर सांगणारेही आहेत, परंतु मोबाइलच्या फोटोत लहानसे अंगणही ऐसपैस दिसते, त्यामुळे त्या रीतीचा विचार मी सोडून दिला आहे.

नकाशाची सोय नाकारता येत नाही. ग्राहकाने लोकेशन पाठवावे, आपण गूगल अर्थवर जागेच्या कडेने रेघ फिरवावी, की पाच मिनिटांत चौरस फूट हाती येतात आणि ग्राहकाला काहीच करावे लागत नाही. मंगल कार्यालयाचे आवार किंवा शाळेचे पटांगण अशा मोकळ्या जागांसाठी मी आजही नकाशाच उघडतो. चित्र कोणत्या तारखेचे आहे तेवढे मात्र पाहून घ्यावे, कारण चित्रात माती दिसणाऱ्या अंगणात एव्हाना पेव्हर ब्लॉक बसलेले असू शकतात.

माझे मन फिरले ते घरांच्या कामांमुळे. आपल्याकडे दारात कडुनिंब असतो, पोर्चवर स्लॅब असतो, घर आणि कंपाउंडच्या भिंतीमध्ये तीन-चार फुटांची बोळ असते आणि मागच्या बाजूला भांडी-धुण्याची जागा पत्र्याखाली असते. वरून पाहणाऱ्या नकाशाला यातले काहीच दिसत नाही. केवळ क्षेत्रफळ कमी भरते एवढेच असते, तर मी अंदाजाने दहा-वीस टक्के वाढवून घेतले असते; परंतु ऊन न लागणाऱ्या, सतत ओल राहणाऱ्या याच जागांवर शेवाळ सर्वांत घट्ट बसलेले असते. नकाशा नेमका उन्हातला, बऱ्यापैकी स्वच्छ भाग दाखवतो आणि ज्याला दुप्पट वेळ लागणार तो भाग झाकून ठेवतो.

उदगीरच्या एका निवृत्त गुरुजींच्या घराचे मी नकाशावर 850 चौरस फूट मोजले आणि त्याप्रमाणे रक्कम कळवली. प्रत्यक्षात बोळ, पोर्च आणि निंबाखालची जागा धरून ते 1,240 चौरस फूट भरले. निंबाखाली निंबोळ्यांचा चिकटा फरशीवर काळा होऊन बसला होता. मी वाढीव रकमेचा विषय काढला, तेव्हा गुरुजी शांतपणे म्हणाले, “दर तर तुम्हीच कळवला होता ना?” त्यांचे बरोबर होते. ठरलेल्या रकमेतच काम पूर्ण केले. पण त्यांनी भरून ठेवलेला हौद बोळ धुण्याआधीच संपला आणि आम्ही टँकरची वाट पाहत बसलो. पाण्याचा हिशेब क्षेत्रफळावरच चालतो: मिनिटाला 8 लिटर घेणारे यंत्र चार तास चालले, तर जवळपास 1,900 लिटर लागतात. ज्या लातुरात 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागातल्या माणसाला “पाणी जरा जास्त लागेल” असे ऐनवेळी सांगताना फार अवघड वाटते.

व्हिडिओला ग्राहकाचे सहकार्य लागते आणि तो येईपर्यंत कधी कधी दोन दिवसही जातात, हे मान्य करायला हवे. पण एकदा आला, की बहुतेक शंका फिटतात. फाटकापासून सुरुवात करून, बोळीतून मागच्या दारापर्यंत सावकाश चालत यावे आणि शेवटी हौद व नळ दाखवावा, एवढेच मी सांगतो. टेप धरायला कोणी नसेल, तर एकच फरशी मोजायला सांगून लांबी-रुंदीच्या फरश्यांची संख्या मागवतो. 200 बाय 100 मिलिमीटरचे पेव्हर असतील, तर चौरस मीटरला 50 बसतात, म्हणजे चौरस फुटाला साधारण साडेचार. घरातली मुले ही मोजणी हौसेने करतात आणि माझ्या अनुभवात ती नकाशापेक्षा खूपच जवळची निघते.

दुसरी विनंती तांब्याभर पाण्याची. सर्वांत काळ्या दिसणाऱ्या जागी पाणी ओतून मोबाइल तसाच धरून ठेवायला सांगतो. वाळलेले शेवाळ असेल, तर भिजल्यावर हिरवट झाक येते. गाडीचे ऑइल मुरलेले असेल, तर पाणी जिरत नाही, थेंब थेंब होऊन राहते. पाणी कोणत्या बाजूला वाहते तेही त्याच वेळी दिसते, आणि शेजाऱ्याच्या दारात जाणार असेल तर आधीच बोलून घेता येते. फरशीचा प्रकारही व्हिडिओतच ओळखू येतो. शहाबादी हा चुनखडीचा दगड असल्यामुळे त्यावर अ‍ॅसिड चालत नाही, म्हणून डागांवर वेळ जास्त द्यावा लागतो. पेव्हरच्या सांध्यांतली रेती पाण्याच्या जोराने निघते, तेव्हा ती पुन्हा भरण्याचे पैसे दरात धरावे लागतात. नकाशावर दोन्ही सारख्याच करड्या दिसतात.

घर बंद असेल आणि मालक पुण्याला असतील, तर नकाशाला पर्याय उरत नाही, आणि ज्यांची बहुतेक कामे मोठ्या मोकळ्या आवारांची आहेत त्यांना कदाचित व्हिडिओची गरजही भासणार नाही. बंद घरांसाठी मी एक रक्कम न सांगता खालची आणि वरची अशा दोन रकमा कळवतो, आणि झाडाखालची, छताखालची जागा मोजल्यावरच आकडा पक्का होईल असे त्याच संदेशात लिहितो. अलीकडे मात्र अशा मालकांनाही मी आधी एवढेच विचारतो, की शेजारचे कोणी काका किंवा वहिनी फाटक उघडून एकदा मोबाइल फिरवून आणतील का. आणि बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत व्हिडिओ येतो.