१५०-६०० मिमी झूम : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पक्षी-प्राण्यांच्या फोटोंसाठी वापरतात त्या या लेन्सबद्दलची नेहमीची तक्रार एकच: ६०० मिमीला फोटो सॉफ्ट (पुसट) येतात. एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) बॉडीवर आठ महिने वापरल्यावर मत असं की यात काचेचा दोष थोडा, वापराचा जास्त. ६००ला एफ/६.३वर, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं असताना, तपशील मऊ पडतो हे खरं. छिद्र लहान करून एफ/८ केलं किंवा ५५०च्या आसपास थांबलं की पिसं सुटी दिसू लागतात.

बाकीचा दोष कुणाचा, ते फोटो १०० टक्के मोठा करून पाहिला की कळतं. सगळंच एका दिशेला ओढलेलं दिसलं, तर हात हलला. फांदी शार्प पण पंख पुसट, तर शटरचा वेग कमी पडला. तिथे स्टॅबिलायझेशन कामाचं नाही, ते फक्त हाताचा कंप आवरतं. बसलेल्या पक्ष्याला १/१००० सेकंद, उडत्याला १/२५०० धरा आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ३२००वर गेला तर जाऊ द्या. नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) नंतर कमी होतो, हललेला फोटो सुधारत नाही. पुढचं गवत शार्प आलं, तर फोकस चुकला. १० मीटरवर ६०० आणि एफ/६.३ला शार्प पट्टा जेमतेम ७ सेंमीचा असतो. बगळ्याच्या खांद्यावर फोकस बसला की डोळा गेलाच म्हणा.

काहीच शार्प नाही, कडा लहरल्यासारख्या, बर्स्टमधली (सलग झपाट्याने काढलेल्या फोटोंमधली) प्रत्येक फ्रेम वेगळी? ती तापलेली हवा. लांबच्या हरणापर्यंत उन्हात तापलेली जमीन पसरलेली असेल, तर याच्या दहापट किमतीची लेन्सही हात टेकते. जवळ जा, नाहीतर सकाळी या. उबदार गाडीतून थंडीत काढलेल्या लेन्सच्या हूडमध्येही (पुढे लावायच्या नळकांड्यात) हाच प्रकार होतो. हूड काढून २० मिनिटं थांबायचं. लेन्स टेकवायला गाडीच्या खिडकीत बीनबॅग ठेवली असेल तर थरथर नको म्हणून इंजिन बंद, हे सांगावं लागू नये, पण लागतं. लेन्सपुढे स्वस्त यूव्ही फिल्टरची काच असेल तर ती आधी काढा, तिनेही फोटो मऊ पडतो.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. लेन्स खाली धरली की नळी आपोआप सरकते, त्यामुळे चालताना लॉक हवाच. वजन सुमारे २ किलो. दहा मिनिटं हातात धरली की फ्रेम डुलायला लागते. फोकस लिमिटर (फोकस कोणत्या अंतरात शोधायचा ते ठरवणारं बटण) लांबच्या टप्प्यावर विसरला, तर समोर येऊन बसलेल्या पक्ष्यावर फोकस नुसता मागेपुढे धावत राहतो. १.४एक्स कन्व्हर्टर (लेन्सची पोच १.४ पट करणारा जोड) लावला की एफ/६.३चं एफ/९ होतं आणि फोकस अडखळतो. त्यापेक्षा क्रॉप केलेला फोटो बरा निघतो.