जाहिरातीत वीस हजार, हातात पंधरा: बर्गर आउटलेटच्या नोकरीला ३ स्टार

अंधेरीच्या एका मॉलमध्ये बर्गरवाल्यांकडे क्रूमध्ये आहे, नाव टाकत नाही कारण उद्याची शिफ्ट तिथेच आहे. बर्गर कसा लागतो ते सगळेच लिहितात, मी पगाराचं लिहितो.

इंटरव्ह्यूला वीस हजार सांगतात तो सीटीसी असतो भावांनो, म्हणजे कंपनीचा आपल्यावरचा एकूण खर्च. पेस्लिपवर ग्रॉस (कपातीआधीचा पगार) १७,५००, त्यातून पीएफ १,८००, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) १३२, प्रोफेशनल टॅक्स २००, हातात येतात १५,३६८. वरचे अडीच हजार म्हणजे कंपनीच्या वाट्याचा पीएफ-ईएसआयसी, तोही आपल्यालाच पगार म्हणून ऐकवतात. पहिल्या पगाराला नवीन पोरं कापले कापले करून बोंबलतात, पण पीएफ कुठे जात नाही, फक्त यूएएन (पीएफ खात्याचा नंबर) मागून घ्या आणि पासबुकात दर महिन्याला पडतोय का बघत जा.

ईएसआयसीला मात्र फुल मार्क. आमच्या फ्रायरवरच्या पोराने ओली बास्केट तेलात सोडली, तेल उडालं आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात सोलवटला. मॅनेजरने लगेच अपघाताचा रिपोर्ट भरला (हे एक काम त्याने चोख केलं), उपचाराला खिशातून काही गेलं नाही आणि घरी बसला त्या दिवसांचे पगाराच्या ९० टक्क्यांनी पैसे मिळाले. साधं आजारपण असेल तर ७० टक्के. आईची शुगरची औषधंपण मी ईएसआयसीतूनच घेतो, रांग लावावी लागते, अर्धा दिवस जातो, पण मेडिकलचं बिल बघितलंय ना, मग रांग परवडते.

स्टार कापले ते क्लोजिंगसाठी, म्हणजे रात्री आउटलेट बंद करायच्या शिफ्टसाठी. आधी पंच-आउट करायला लावतात आणि मग म्हणतात चल आता फ्रायर धू, ग्रिल घास, फ्लोअरला पोछा मार, म्हणजे मशीनमध्ये आपण घरी आणि प्रत्यक्षात ढोपरावर बसून ग्रीस खरवडतोय. ओव्हरटाइम कायद्याने डबल रेटने आहे, पण पंचच नाही तर मागणार कशाच्या जोरावर? त्यात शेवटची लोकल सुटली की रिक्षा आपल्या खर्चाने. जॉइन होताना ओपनिंग शिफ्टच मागा आणि रोस्टरचा (शिफ्टच्या वेळापत्रकाचा) फोटो काढून ठेवा.

शनिवार-रविवार सुट्टी विसरा. दिवाळीला बोनस येतो, ८.३३ टक्के, कायद्यात कमीत कमी आहे तेवढाच, वर मिठाईच्या जागी फ्री बर्गरचं कूपन, तेसुद्धा आमच्याच आउटलेटचं.